नवी इंडक्शन शेगडी, जुने हात

लग्नसराई उरकली की माझ्या दुकानात इंडक्शन शेगड्या यायला लागतात. रुखवतात मिळालेल्या, खोकं नुकतंच फोडलेलं. "हाई शेगडी तापतच नही, भाऊ," असं म्हणत कोणीतरी ती काउंटरवर ठेवतं. मी खालच्या खणातलं जाड बुडाचं पातेलं काढतो, तांब्याभर पाणी ओततो, बटण दाबतो. थोड्याच वेळात पाणी सळसळायला लागतं. मग प्रश्न मी विचारतो: घरी भांडं कुठलं ठेवलं होतं? बहुतेक वेळा उत्तर एकच, जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं.

अमळनेरात मिक्सर, कूलर, पंखे दुरुस्त करता करता या शेगड्याही माझ्या गळ्यात पडल्या. माझं मत विचाराल तर यंत्रातले बिघाड कमी आणि सवयीचे घोटाळे जास्त. गॅसवर आयुष्य गेलेले हात डोक्याला न विचारता काम करतात. शेगडी चालू आहे का, आच मंद आहे का, हे आपण ज्योतीकडे बघून ओळखत आलो, आणि इथे ज्योतच दिसत नाही. म्हणून शेगडी घरात आली की पुस्तिका उघडायच्या आधी ओटा लावून घ्या.

इंडक्शन गॅसच्या शेगडीवर टेकवू नका. ओटा लहान असला की लोक हेच करतात. पहाटे झोपेच्या तारेत हात नेहमीच्या नॉबकडे जातो, लायटर कट्कट् वाजतो आणि वर प्लास्टिकचं बूड असतं. धरणगावकडून अशी एक शेगडी आली होती. तिचे पाय वितळून एका बाजूला ओघळले होते आणि पंख्याची जाळी लिंपल्यासारखी बंद झाली होती. त्या ताईंनी वासावरून ओळखलं म्हणून निभावलं. लोखंडी किंवा स्टीलच्या टेबलावरही ती ठेवू नये, खालचा पत्रा तापू शकतो. कडप्पा, ग्रॅनाइट, लाकूड चालतं. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, आतली गरम हवा बाहेर पडायला वाट लागते.

आणि खाली कागद अंथरू नका. ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ओटा खराब होऊ नये म्हणून डब्याखाली पेपर, मिक्सरखाली पेपर. इंडक्शनचा पंखा बुडाकडून हवा ओढतो. एका आजींनी नातवाच्या हाती शेगडी पाठवली, तक्रार अशी की थोडा वेळ चालते, शिटी मारते आणि बंद पडते. स्क्रू काढून झाकण उचललं तर पंख्याच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा तुकडा ओढला जाऊन चिकटलेला, भाजून पापडासारखा पिवळा पडलेला. त्यावर वधूवर सूचकाच्या जाहिराती वाचता येत होत्या. भोवती कळण्याच्या भाकरीच्या पिठाचा थर आणि चार मोहरीचे दाणे. हवा मिळेना म्हणून आतलं सर्किट तापायचं आणि शेगडी स्वतःला वाचवायला बंद व्हायची. ब्रशने साफ केली, बाकी काही बदलावं लागलं नाही. मेणकापड, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ यांचंही तेच.

सॉकेटचं थोडक्यात सांगतो, कारण इथे चूक झाली तर ती माझ्याकडे येत नाही, थेट वायरमनकडे जाते. 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढते. टीव्ही-मोबाईलचा 6 अँपिअरचा सॉकेट तिला पुरत नाही, 16 अँपिअरचा मोठा पॉवर सॉकेटच लागतो. एक्स्टेंशन बोर्डावर तर मुळीच नको. पूर्ण ताकदीवर अर्धा तास चालली की एक युनिट जळतं, एवढा हिशेब डोक्यात असू द्या.

आता भांडी. फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर ते भांडं चालेल. शेगडीतल्या कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बुडातच वीज फिरवतं आणि बूड स्वतः तापतं, काच तापते ती भांड्यामुळे. जर्मन, तांबं, पितळ, मातीचं खापर यांवर साधी शेगडी चालत नाही. काही स्टीलच्या भांड्यांनाही चुंबक चिकटत नाही, तीही बाद. बिडाचा तवा छान चालतो, फक्त तो काचेवर घासत सरकवू नका, उचलून ठेवा. गोल बुडाच्या कढईचं बूड काचेला नीट टेकत नाही, तेव्हा सपाट बुडाची घ्या. चालणाऱ्या भांड्यांच्या कानाला लाल दोरा बांधून टाका. घाईत सासूबाई असोत की पाहुणी आलेली नणंद, दोरा बघितला की विचारायची गरज पडत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळे फोडणीत होतात. गॅसवर आपण तेल तापायला ठेवतो आणि मग लसूण सोलायला बसतो. इथे तेवढा वेळ मिळत नाही. पातळ बुडाच्या भांड्यात चमचाभर तेल आणि 1600 वॅट, म्हणजे पाठ फिरवून मिरच्या शोधेपर्यंत धूर. लसूण, मिरची, जिरं, मसाला सगळं हाताशी घेऊन मगच बटण दाबा, आणि फोडणी 600 ते 800 वॅटवरच करा. शेवभाजीचा काळा मसाला तर आच खाली आणूनच टाका, तो करपला की अख्खा रस्सा कडू होतो आणि मग वरून कितीही शेव घाला. रिकामी कढई चालू शेगडीवर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. बूड वाकडं झालं की ती काचेवर भोवऱ्यासारखी डुगडुगते आणि पुन्हा नीट तापत नाही.

कमी वॅटवर आणखी एक गोष्ट दिसेल. उकळी येते, थांबते, पुन्हा येते. शेगडी बिघडलेली नाही. बरीच मॉडेलं मंद आच अशीच देतात, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद.

दुधाचं वेगळं सांगायला हवं. दूध वर आलं की आपला हात भांडं उचलतो. उचलल्यावर शेगडी टुंग टुंग करते, तिला वाटतं भांडं हरवलं. ती साधारण मिनिटभर वाट बघते आणि मग बंद होते. पण दूध खाली बसलं म्हणून तेवढ्यात पातेलं परत ठेवलंत, तर ती मागच्याच आचेवर पुन्हा सुरू होते. तुम्ही बंद झाली समजून अंगणात झाडायला गेलेल्या असता. म्हणून भांडं उचलण्याआधी बटण दाबायचं. हे हाताला शिकवायलाच लागतं. सोपा उपाय असा की पहिले काही दिवस घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा, "बटण, मग भांडं." पोरं हसतील, हसू द्या. दूध उतू गेलंच तर आधी बंद करा, काच थोडी निवू द्या, मग पुसा. ओघळ बटणांच्या पट्टीवर आला की ती मनाने चालते किंवा चालतच नाही.

लाइट गेली की वेगळी गंमत. आपल्याकडे ती जाते, येते, कोणी मोजत बसत नाही. गॅसवरचा कुकर लाइटीच्या जाण्याने थांबत नाही. इंडक्शनवरचा थांबतो आणि लाइट आली तरी बहुतेक शेगड्या आपोआप सुरू होत नाहीत. बाहेर ओट्यावर गप्पा मारत शिट्ट्यांची वाट बघायची आणि आत डाळ अर्धी कच्ची. लाइट आल्याआल्या एक चक्कर स्वयंपाकघरात मारा.

भाकरीवाल्यांसाठी खास. तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यावर किंवा ज्योतीवर फुगवायची सवय इतकी खोल आहे की आमच्या शेजारच्या मावशींनी तवा बाजूला केला आणि भाकरी थेट काचेवर ठेवली. काच निवत चाललेली, शेगडी टुंग टुंग करतेय, आणि मावशी म्हणतात, "फुगत काबरं नही?" भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागते. कांदा आणि खोबऱ्याची वाटी विस्तवावर भाजायची असेल तरीही तेच, तुकडे करून तव्यावर भाजा. पापडालाही तवाच.

भरताचं मात्र इंडक्शनवर जमत नाही, उगाच खटाटोप करू नका. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते वांगं पळाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायचं, निदान गॅसवर. तव्यावर ते शिजतं, पण धुराचा वास कुठून आणाल? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या त्याही चुलीवरच. इंडक्शन आली म्हणून गॅस काढून टाकलेल्यांना मी भरताच्या दिवसात शेजारी वांगी घेऊन जाताना बघितलंय.

काम झाल्यावर आपण गॅसचा रेग्युलेटर बंद करतो. ही चांगली सवय इथे आडवी येते. शेगडी बंद केल्याबरोबर भिंतीवरचं बटण खटकन पाडू नका. आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो, सर्किट गार करतो. घरघर थांबली की मग पाडा. आणि काच काळी, गुळगुळीत, ओट्यासारखी दिसते, म्हणून तिच्यावर दुधाची पिशवी, पोळ्यांचा प्लास्टिकचा डबा, काहीही ठेवलं जातं. तव्याने तापलेल्या काचेला ते चिकटून बसतं आणि मग लोक सुरीने खरवडतात. स्वयंपाक आटोपला की बंद शेगडीवर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून द्या. जागा अडली की कोणी दुसरं काही ठेवत नाही, आणि भांडी घासायला कोमट पाणी मिळतं. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना या शेगडीवर काम करू देऊ नका.

एवढं करूनही अडलं तर आणा दुकानात. फक्त शेगडीबरोबर ज्या भांड्यावर ती अडली ते भांडंही पिशवीत घाला. भांड्याचाच दोष निघाला तर मी पैसे घेत नाही, चहा मात्र तुमच्याकडून.