पेशीच्या आतलं पटल उघडायचं असेल तर

विजेच्या झटक्याने पेशीच्या आतलं पटल उघडायचं म्हटलं की प्रयोगशाळेत नवी आलेली पोरं पहिल्यांदा विचारतात, व्होल्टेज किती लावू? आधी झटक्याची लांबी ठरवा. दहा मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीचं बाहेरचं पटल खाऱ्या द्रावणात चार्ज व्हायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. तोवर विद्युतक्षेत्र आत शिरतं आणि आतल्या कणिकांच्या पटलांवर ताण येतो. शोनबाख, बीबी आणि ब्यूशर या संशोधकांनी 2001 मध्ये 60 नॅनोसेकंदांच्या झटक्यांनी इओसिनोफिलच्या (एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशीच्या) कणिका उघडून दाखवल्या, सेंटिमीटरला 53 किलोव्होल्टपर्यंत जाऊन.

चार्ज केलेली केबल पेशींच्या द्रावणावर एकदम रिकामी केली की झटका मिळतो. 60 नॅनोसेकंदांसाठी 50 ओहमच्या आरजी-213 केबलचे सहा मीटर पुरतात: मीटरला 5 नॅनोसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट. इथल्या रावपुऱ्याच्या बाजारातून टीव्हीच्या डिशची केबल उचलून आणू नका, ती 75 ओहमची. 1 मिलिमीटर फटीच्या क्युवेटमध्ये (दोन इलेक्ट्रोडांमध्ये पेशी ठेवायच्या छोट्या डबीत) खारं द्रावण भरलं की रोध 10 ओहमच्या आसपास येतो, म्हणून 50 ओहमच्या पाच केबली समांतर जोडायच्या. जुळणी चुकली तर झटक्यामागे शेपट्या येतात, आणि मग बाहेरचं पटलही नाहक ताणलं जातं. ऑसिलोस्कोपवर शेपटी दिसली, तर पेशी वाया घालवू नका. क्युवेटवर 2 किलोव्होल्ट हवे असतील तर केबल 4 वर चार्ज करा. जुळलेल्या भारावर, म्हणजे इथे क्युवेटवर, निम्मंच पोचतं. पावसाळ्यात आमच्या बडोद्याच्या दमट हवेत सांधे गळतात; ते ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवा. मकरपुऱ्यात त्याला तोटा नाही. आणि स्विच बंद केला तरी केबल भरलेलीच असते. अर्थिंगची काठी लावल्याशिवाय हात घालायचा नाही, मग मागे कितीही घाई असो.

आता पुरावा. प्रोपिडियम आयोडाइड हा फाटक्या पटलातून शिरणारा रंग आत गेला नाही, म्हणून "बाहेरचं पटल शाबूत" असं लिहून मोकळं होणं मला पटत नाही. नॅनोसेकंद झटक्यांची छिद्रं इतकी बारीक असतात की तो रंग अडतो, पण योप्रो-1 हा त्याहून छोटा रंग शिरतो. दोन्ही वापरा. कॅल्शियम मोजायचं तर फ्लुओ-4 (कॅल्शियम भेटलं की चमकणारा रंग) घाला, पण द्रावण कॅल्शियमविरहित ठेवून त्यात उरलंसुरलं कॅल्शियम बांधणारं ईजीटीए टाका. तरीही चमक वाढली तर कॅल्शियम आतल्याच साठ्यातून सुटलंय, बहुधा एंडोप्लाझ्मिक जाळीतून. खात्रीसाठी आधी थॅप्सिगार्जिनने तो साठा रिकामा करा आणि तोच झटका पुन्हा द्या; आता चमक वाढली नाही, तर कॅल्शियम त्याच साठ्यातलं होतं.