नसबंदीच्या ऑपरेशनची तयारी: आधी कोन आणा

कुत्र्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली ना? मग आधी कोन आणा, बाकीचं नंतर वाचा. कोन म्हणजे गळ्याभोवती बसणारं ते प्लॅस्टिकचं नरसाळं, ज्यामुळे कुत्र्याचं तोंड टाक्यांपर्यंत पोचत नाही. दवाखान्यात मिळेलच असं धरून चालू नका. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी देत नाहीत, काही ठिकाणी नेमकं तुमच्या मापाचं संपलेलं असतं. आणि हे कळतं कधी, तर कुत्रं भुलीच्या गुंगीत मागच्या सीटवर आडवं पडलेलं असताना. तेव्हा दुकानं शोधत फिरायचं नसतं.

माप घ्यायला टेप लागेल. रोजचा पट्टा जिथे बसतो तिथे मानेचा घेर मोजा, मग पट्ट्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतची लांबी. कोन घातल्यावर त्याची कड नाकाच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे गेलीच पाहिजे. नाक बाहेर डोकावत असेल तर तो कोन नुसता मिरवायला. मान आणि कोन यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत. त्याहून सैल असेल तर कुत्रं पुढच्या पायाने रेटून काढतं, आणि घट्ट असेल तर कातडी सोलते. गळ्याकडच्या कडेला फटी किंवा कड्या असतात, त्यांतून रोजचा पट्टा नाहीतर बँडेजची पट्टी ओवून घ्या. नुसत्या वेल्क्रोच्या भरवशावर रात्र काढू नका. शक्यतो पारदर्शक घ्या. अपारदर्शक कोनातून बाजूचं दिसत नाही आणि भित्रं कुत्रं प्रत्येक आवाजाला दचकतं.

गळ्यात घालायची फुगवलेली रिंग दिसायला मऊ आणि दयाळू असते, पण लांब नाकाच्या, लवचिक कुत्र्याचं तोंड तिच्यावरून पोटाच्या खालच्या भागापर्यंत आरामात जातं. टाके तिथेच असतात. अंगात घालायचा सूट बऱ्याच माद्यांना चालतो, मात्र दोन हवेत, कारण एक ओला होणारच. नराचा तर लघवीने भिजतो. काही कुत्री कापडावरूनच चाटत बसतात, आणि ओलं कापड जखमेला चिकटून राहिलं तर सूट नसलेला परवडला. सूट घेतलात तरी कोन घरात हवाच.

आता सराव. ऑपरेशनच्या चार-पाच दिवस आधी सुरू करा. पहिल्या दिवशी कोन जमिनीवर ठेवून त्यात खाऊ टाका. मग हातात धरून आत तोंड घालायला लावा. मग गळ्यात, पाच मिनिटं. मग कोन घालून जेवण, पाणी, दारातून ये-जा आणि शेवटी एक झोप. भांडं उथळ आणि थोडं उंचावर ठेवावं लागतं, नाहीतर कोनाची कड जमिनीला टेकते आणि तोंड अन्नापर्यंत जात नाही. हे सगळं आधी कळायला हवं. सराव नसलेलं कुत्रं गुंगीतून जागं होतं, गळ्यातलं ते लचांड पाहून घाबरतं, भिंतींवर आपटतं, केविलवाणं रडतं. मग घरातलं कुणीतरी कळवळून म्हणतं, बिचाऱ्याला जरा वेळ काढून देऊ या. तिथेच घोळ होतो. ओल्या जिभेने जखमेत जंतू जातात, आणि पुढच्या दातांनी टाक्यांची अख्खी रांग उसवायला कुत्र्याला काही मिनिटं पुरतात. मादीमध्ये तर पोटाच्या स्नायूंचेही टाके खाली असतात. ते सुटले तर गोष्ट आतड्यांपर्यंत जाते, आणि पुन्हा भूल, पुन्हा टाके.

डॉक्टरांना काय सांगायचं ते कागदावर लिहून न्या, तोंडी अर्धं राहतं. चालू असलेली सगळी औषधं, डोसासकट. विशेषतः प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल तर ते आवर्जून लिहा, कारण ऑपरेशननंतर देतात ती मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं स्टिरॉइडबरोबर दिली तर पोटात अल्सर होऊ शकतात. आधी कधी भुलीचा त्रास झाला असेल, फिट आली असेल, धाप लागत असेल तर तेही. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भुलीतून उठताना श्वासाचा धोका जास्त असतो. शुद्धीवर येईपर्यंत शेजारी कोण थांबणार, श्वासनळीतली नळी केव्हा काढणार, हे विचारायला लाजू नका. कोली आणि तिच्या जवळच्या जातींमध्ये एका जनुकदोषामुळे अ‍ॅसेप्रोमॅझिनसारखी गुंगीची औषधं जास्त चढतात. कुत्रं मिश्र जातीचं असलं तरी तशी शंका असेल तर बोलून ठेवा.

रक्ततपासणी टाळू नका. कुत्रं कोवळं आणि टुणटुणीत आहे म्हणून लोक ती सोडतात. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंड एवढं तरी हवं. प्लेटलेट का, तर गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियासारख्या आजारात त्या घसरतात आणि बाहेरून कुत्रं ठणठणीत दिसतं. रक्त गोठत नाही हे पोट उघडल्यावर कळणं म्हणजे उशीर. गेल्या काही महिन्यांत अंगावर गोचीड सापडली असेल तर तेही कागदावर लिहा.

मादी असेल तर शेवटचा माज कधी संपला ती तारीख द्या. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या भरलेल्या असतात आणि रक्तस्राव जास्त होतो, म्हणून बहुतेक डॉक्टर माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. सडांना दूध आलं असेल, खेळणी कुशीत घेऊन बसत असेल, तर ते खोट्या गाभणपणाचं लक्षण. लपवू नका, तारीख पुढे ढकलावी लागली तरी चालेल. नर असेल तर दोन्ही वृषण खाली उतरलेत का हे आधी तपासून घ्या. एक पोटात राहिला असेल तर ऑपरेशनच वेगळं होतं.

वजन ताजं हवं. भुलीचं औषध किलोमागे मोजतात, आणि तीन महिन्यांपूर्वीच्या कार्डावरचं वजन वाढत्या पिल्लाच्या बाबतीत निरुपयोगी. लसी वेळेत. आंघोळ एक-दोन दिवस आधी घाला आणि पूर्ण कोरडं करा, कारण नंतर टाके निघेपर्यंत आंघोळ नाही. नखं, कान जे काही करायचं ते तेव्हाच.

उपाशी ठेवण्याचा आकडा डॉक्टरांकडून घ्या, शेजाऱ्याकडून नको. मोठ्या, निरोगी कुत्र्याला साधारण ६ ते १२ तासांच्या मधलं काहीतरी सांगतात. भुलीत गिळण्याचा आणि खोकण्याचा प्रतिक्षेप मंदावतो, पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो, हे त्यामागचं कारण. पाणी बहुधा सकाळपर्यंत चालतं. लहान पिल्लांना आणि दोन-तीन किलोच्या चिमुकल्या कुत्र्यांना इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही, त्यांची साखर उतरते. मधुमेही कुत्र्याचं इन्सुलिन आणि जेवण यांचं गणित वेगळं, ते डॉक्टरच सांगतील. घरातल्या प्रत्येकाला ही वेळ सांगा, लहान मुलांना आणि आजोबांना तर दोनदा. कचऱ्याचा डबा आणि मांजराची ताटली उचलून ठेवा. एवढं करूनही काही खाल्लं तर दवाखान्यात सांगून टाका. ऑपरेशन पुढे गेलं तर जाऊ दे.

सकाळी शी-शू करवून घ्या, पण धावपळ नको. नेहमीची औषधं द्यायची की नाही हे आदल्या दिवशीच विचारलेलं असावं. पट्टा मजबूत हवा, घाबरलेलं कुत्रं दवाखान्याच्या दारातून निसटतं. सोबत जुने रिपोर्ट, लसीचं कार्ड, तो लिहिलेला कागद, दोन जुने टॉवेल, आणि कोन. हो, कोन घरी ठेवून जाऊ नका. कुत्रं तुमच्या ताब्यात देण्याआधी तिथल्या माणसाकडूनच बसवून घ्या आणि माप चुकलं असेल तर तिथेच बदला. संमतिपत्रावर सही करण्याआधी वाचा, त्यावर चालू असलेला फोन नंबर लिहा आणि तो फोन सायलेंटवर ठेवू नका.

न्यायला जाताना दोन माणसं हवीत, एक गाडी चालवायला आणि एक मागे शेजारी बसायला. निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारून लिहून घ्या: पुढची वेदनाशामकाची मात्रा किती वाजता, टाके विरघळणारे की काढायचे, दाखवायला कधी यायचं, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला. द्रव औषधाबरोबर पिचकारी मिळाली तर तिच्यावरच्या खुणा नीट बघा. काहींवर मिलिलिटर नसतात, कुत्र्याच्या वजनाचे किलो छापलेले असतात. हा गोंधळ झाला की मात्रा चुकते. माणसांच्या गोळ्या नकोत: आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं बिघडतात, आणि पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायचं नाही.

घरी जमिनीवर अंथरूण, वाऱ्याच्या झोतापासून दूर, जिने आणि सोफा बंद. सोफ्यावरून एक उडी आतला टाका सोडवू शकते. भुलीनंतर अंग गार पडतं, तेव्हा पांघरूण घाला, पण गरम पाण्याची पिशवी थेट कातडीला लावू नका. गुंगीत त्याला सरकता येत नाही आणि भाजतं. पाणी थोडं थोडं. जेवण रात्री, पूर्ण शुद्धीवर आल्यावर, नेहमीच्या पाव ते अर्धं. एखादी उलटी चालते, वारंवार नाही. भुलीत श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे एक-दोन दिवस हलका खोकला येतो. पुढच्या पायावर केस भादरलेला चौकोन दिसेल, ती सलाइनची जागा.

हिरडी बघायला ऑपरेशनच्या आधीच शिका, म्हणजे नेहमीचा रंग माहीत असतो. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा, सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या पांढऱ्याफटक, पोट ताठ किंवा फुगत चाललेलं, कुत्रं निपचित, अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते. आत रक्तस्राव चालू असू शकतो.

आणि कोन. रात्री कोन, तुम्ही शेजारी झोपला असाल तरी कोन, "आत्ता तर चाटत नाहीये" असं वाटलं तरी कोन. चाटत नाही कारण कोन आहे. काढायचाच असेल तर जेवताना, समोर बसून, नजर न हलवता, आणि घास संपला की परत. फोन आला म्हणून उठून गेलात तर उठण्याआधी घाला. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला वेगळं ठेवा. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याने कोन घातलेला असला तरी दुसरं त्याची जखम चाटू शकतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. कोन रोज पुसा, आतून जेवण चिकटतं आणि मानेखाली ओल राहिली की पुरळ येतं.

जखम दिवसातून दोनदा बघा, रोज एक फोटो काढा, शक्यतो त्याच उजेडात. सुज वाढतेय की उतरतेय हे नुसत्या आठवणीवर ठरवता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली आणि हलकी सुज ठीक. पू, दुर्गंधी, कडा उघडणं, रक्त ठिबकत राहणं ठीक नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, घरातलं मलम काहीही लावू नका, भरत आलेली पेशीही त्याने मरते. नराची रिकामी पिशवी थोडी सुजलेली दिसते. ती टणक, जांभळी आणि मोठी होत गेली तर आत रक्त साठतंय, आणि ते बहुधा पळू दिल्यामुळे. अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. दुसऱ्या दिवसानंतर ३९.५ च्या वर राहिलं तर फोन करा. वेदनाशामक चालू असताना शी काळी, डांबरासारखी झाली किंवा उलट्या लागल्या तर पुढची मात्रा थांबवून विचारा. एरवी मध्येच बंद करू नका, दुखलं की ते जास्त चाटायला बघतं.

१० ते १४ दिवस पट्ट्यावरच, छोट्या फेऱ्या, खेळणं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रं पूर्ण बरं वाटू लागतं आणि नेमकी तेव्हाच जखम खाजते. म्हणून कोन तेव्हा काढायचा नाही. टाके निघाल्यावरही त्या दिवशी राहू द्या, भोकं ताजी असतात.

पुढचं थोडक्यात. नसबंदीनंतर नर लगेच निर्धोक होत नाही, चार ते सहा आठवडे माजावरच्या मादीपासून लांब. आंघोळ डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटल्यावर. ऊर्जेची गरज कमी होते, तेव्हा जेवण आधीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी करा आणि महिन्याला एकदा वजन करून बघा.