आजारी नटाला आलेली पत्रं कशी सोडवावीत

जुना गठ्ठा हाती लागला की पहिल्यांदा हात दोरीकडे जातो. दोरी सोडू नका. निदान आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला जून ते ऑक्टोबर तरी नाहीच. त्या दिवसांत इथे मिठाचं पाणी होतं, भाजलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो, मग सव्वाशे वर्षांच्या कागदाचं काय सांगावं? दिवाळी होऊ द्या. उत्तरेचा कोरडा वारा सुटला, ओठांना तूप लावावं लागलं, की कागदाचे दिवस आले समजायचं.

माझ्याकडचा गठ्ठा पणजोबांचा. नाटक मंडळीत ते स्त्रीपार्टी होते, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारे नट, 'सौभद्र'मधली सुभद्रा करायचे. १८९९च्या पावसाळ्याआधी छातीचं दुखणं घेऊन घरी आले ते परत उभे राहिलेच नाहीत. पुढची पावणेदोन वर्षं त्यांच्या सोबत्यांनी पत्रं पाठवली. तबलजी, सारंगीवाला, एक विनोदी पात्र करणारा, आणि मंडळीचा व्यवस्थापक. एकूण एकेचाळीस. फणसाच्या लाकडाच्या पेटीत ती माळ्यावर पडून होती. आजी म्हणायची, "ह्ये कागद कसरीन खाल्ल्यान, चुलीत घाल गो." माझी तालुक्याच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं गेली, म्हणून चुलीत घातले नाहीत. नाहीतर मीही घातले असते.

आता कामाचं. गठ्ठा आहे तसा चारी बाजूंनी फोटोत घ्या. मग वरचं पत्र पहिलं, त्याखालचं दुसरं, असे मऊ पेन्सिलीने पाकिटाच्या मागच्या कोपऱ्यात आकडे टाका. पेन नको, स्टिकर तर नकोच. तारखेप्रमाणे लावायचा मोह होतो. तो आवरा. ज्याने गठ्ठा बांधला त्याने तो काहीतरी मनात धरून बांधलेला असतो, आणि एकदा क्रम मोडला की तो कळायचा रस्ता बंद. हे मी एवढं का सांगते ते पुढे येईलच.

उन्हात वाळत घालू नका. आपल्याकडे आंबोशी उन्हात, कोकमं उन्हात, म्हणून पत्रंही उन्हात, असं होतं. ऊन शाई उडवतं आणि कागद कडक करतं. पडवीत, सावलीत, मांजरपाटाच्या कापडावर एक-एक पसरा. पंखा लावलात तर भिंतीकडे तोंड करून. बुरशी असेल तर तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, मऊ कोरड्या ब्रशने हलके झाडा. पुसू नका, पुसलं की ती कागदात मुरते.

पुढची पायरी शाई ओळखण्याची, आणि इथे घाई केलीत तर पत्र गेलंच. त्या काळात दोन तऱ्हांची शाई दिसते. काजळीची शाई काळी, किंचित चमकदार, आजही टवटवीत. पण तिला पाणी लागलं की फिसकटते. दुसरी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा हिरवा क्षार) यांची, किंवा त्याच जातीची विलायती. ती लिहिताना काळी असते, काळाने तपकिरी होते, आणि कागदाच्या मागच्या बाजूला जळल्यासारखे डाग उठतात. कधी अक्षराच्या जागी सरळ भोकच पडतं. काजळीच्या शाईचं घडी पडलेलं पत्र उघडत नसेल तर झाकणाच्या डब्यात तळाला ओला पंचा पिळून घाला, वर चाळण, चाळणीवर टिपकागद, त्यावर पत्र. अर्ध्या-अर्ध्या तासाने बघा. दोन-तीन तासांत कागद नरम होतो आणि घडी आपणहून सैल पडते. मग दोन टिपकागदांत घालून वर पाट, पाटावर दोन जाड पुस्तकं. हिराकसाच्या तपकिरी शाईला हा ओलावा दाखवू नका. ती कोरडीच, पातळ पट्टीने, दिवसाला एक घडी या हिशेबाने उघडायची.

फाटलेलं जोडायचं तर चिकटपट्टी नाही. माझ्या चुलतभावाने कधीकाळी प्रेमाने सहा पत्रांना लावून ठेवली होती. पट्टी गळून पडली, पिवळे चट्टे कायमचे राहिले. फेविकॉल नाही, लॅमिनेशन नाही. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, बस. आपल्याकडे बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला ठीक, पत्राला नको. मोरचुदातलं तांबं कागदाला हळूहळू खातं. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका, आणि कडुलिंबाचा पाला पानांमध्ये दाबून तर अजिबात नको. मी दाबला होता. पाल्याचा हिरवट ठसा विनोदी पात्राच्या सहीवर अजून आहे.

आता तारखा. पाकीट कधीही टाकू नका. पत्र बोलत नाही तिथे पाकीट बोलतं. राणीच्या डोक्याचं तिकीट असेल तर नाव वाचा: 'ईस्ट इंडिया' असेल तर छपाई १८८२च्या आधीची, नुसतं 'इंडिया' असेल तर, १८५४ची अगदी पहिली तिकिटं सोडली तर, त्यानंतरची. अर्ध्या आण्याचं निळं तिकीट जुनं, हिरवं नंतरचं. पोस्टकार्ड असेल तर १८७९च्या आधीचं असणं शक्य नाही, कारण पाव आण्याचं कार्ड त्या साली निघालं. पोस्टाच्या मनीऑर्डरचा उल्लेख असेल तर १८८० किंवा पुढे. 'सौभद्र' नाटकाचं नाव आलं तर १८८२ किंवा पुढे, 'शारदा'चं आलं तर १८९९ किंवा पुढे.

आत तिथी असते. इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. संवत्सराचं नाव दिलं असेल तर ताळा बघता येतो: शके १८२२ म्हणजे शार्वरी, म्हणजे मार्च १९०० ते मार्च १९०१. मोडी येत नसेल तर शिकून घ्या, महिना-दोन महिन्यांत अक्षर लागायला लागतं. आधी रेघ ओढून तिच्याखाली लिहीत जातात, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मी भीती जाते. 'सा. न. वि. वि.' आणि 'रा. रा.' ओळखू आले की तिथून सुरुवात करा. 'गाठीचा ताप' असं दिसलं तर तो प्लेग. पणजोबांचं दुखणं ते नव्हे. गावात तो ताप शिरला म्हणून मंडळीने मुक्काम हलवला, एवढाच त्याचा अर्थ.

पाकिटाच्या पाठीवर पोचल्याचा शिक्का असतो. तो भिंगाने वाचा आणि सुटल्याच्या शिक्क्याशी ताडून बघा. आमच्या गठ्ठ्यात हिवाळ्यातली पत्रं लवकर पोचलेली दिसतात, पावसाळ्यातली रेंगाळत. आगबोट बंद, डाक घाटाने. तीन पाकिटांचा सुटल्याचा शिक्का मात्र मला कधीच कळणार नाही. सहावीत असताना वहीत डकवायला मी त्यांची तिकिटं कात्रीने चौकोनी कापून घेतली होती. त्यातलं एक तबलजीचं. पाठ शाबूत राहिली, तेवढं नशीब.

त्या पाठीमुळेच मला एक गोष्ट कळली. तबलजी लिहितो की तुझी जागा तशीच आहे, सुभद्रेला कुणी हात लावलेला नाही, तू बरा होऊन ये. वाचून मी चांगली रडले होते. गठ्ठ्यात त्याच्या बरोबर वरचं पत्र व्यवस्थापकाचं: नवा मुलगा घेतला आहे, आपल्याकडील शेला आणि गंगावन (वेणीत घालायचे खोटे केस) मंडळीचं असल्याने परत पाठवावं. दोन्ही पत्रांवर तिथी नाही. मी तारखेप्रमाणे लावायला गेले असते तर कुठेतरी अंदाजाने टाकली असती. शिक्के सांगतात की व्यवस्थापकाचं दोन दिवस आधी पोचलं. म्हणजे तबलजीचं वाचताना पणजोबांना सगळं ठाऊक होतं. आणि दोन्ही पत्रं त्यांनी एकावर एक ठेवली.

आजाऱ्याला लिहिलेली पत्रं वाचताना हे धरूनच चालायचं: सोबती तब्येतीचं विचारतात पहिल्या ओळीत, आणि मग चार पानं दुसरंच लिहितात. सोलापूरला पडदा अडकला, हुबळीला पाऊस आला आणि प्रेक्षक छत्र्या उघडून बसले, सारंगीची तार ऐन पदात तुटली. हे टाळणं नाही. पडून असलेल्या नटाला मंडळीत बसवून घेण्याची ती रीत होती. म्हणून पत्रांची यादी करताना 'विषय: प्रकृती' असं लिहून मोकळे होऊ नका, कुठला गाव, कुठला खेळ, काय बिघडलं, ते रकाने पाडा. आणि कोण लिहायचं थांबलं, केव्हा थांबलं, त्याचाही एक रकाना. आमच्या सारंगीवाल्याचं अकरावं पत्र शेवटचं. का, ते त्या पेटीत नाही.

त्याच सुमाराला, १८९८ साली, तिकडे सर हेन्री आयर्व्हिंग दौऱ्यावर ग्लासगोला न्यूमोनियाने पडला होता. विलायतेत नटाला 'सर' हा किताब मिळालेला तो पहिलाच. त्याचा कारभारी ब्रॅम स्टोकर, ड्रॅक्युलावाला, त्याने पुढे धन्याच्या आठवणींचं पुस्तक काढलं. आमच्याकडे कारभारी कोण, तर फणसाची पेटी.

शेवटून दुसरं पोस्टकार्ड मला सगळ्यांत आवडतं. विनोदी पात्राचं, शके १८२२च्या फाल्गुनातलं. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१मध्ये वारली आणि गाजलेले गायक-नट भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारीत. कार्डात राणीला अर्धी ओळ आहे. उरलेलं सगळं कार्ड भाऊरावांना, कडेला आडवं लिहून जागा पुरवली आहे. असं कार्ड पाकिटात कोंबून ठेवू नका, दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, आडव्या मजकुरासाठी कार्ड फिरवून तिसरा. फोटो सकाळी पडवीतल्या उजेडात, फ्लॅश बंद. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकी, ॲप असता त्याका, कागद पांढरो करता." पांढरा करू नका. डाग हाही मजकूरच.

ठेवायचं कशात? आम्ल नसलेला कागद मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर कांजी न केलेलं, चार वेळा धुतलेलं मांजरपाट. पोथीचं लाल बासन वापरू नका, ओल लागली की रंग सोडतं. प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात दमट कागद बंद केलात तर आत बुरशीची शेती होईल. ओल शोषणाऱ्या पुड्या घालत असाल तर आमच्या हवेत त्या आठवड्याभरात भरतात, बदलत राहा. पेटी भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून उंच, वाळवीची माती दिसते का ते दर महिन्याला हात फिरवून बघायचं.

आणि पत्रांबरोबर दुसरं काही सापडलं तर ते वेगळं ठेवा. केस, लोकर, रेशीम, काहीही. त्यावर येणारी कीड पुढे कागदावर उतरते. आमच्या पेटीच्या तळाला जुन्या धोतराच्या पट्टीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी ते आता निराळ्या डब्यात ठेवलं आहे, दर दोन महिन्यांनी काढून सावलीत झटकते. गंगावन आहे. हातभर लांब, टोकाला अजून रेशमी गोंडा.