कार विम्याचे नूतनीकरण : पैसे वाचवताना या चुका टाळा

विम्याची मुदत संपत आली की एजंटकडून व्हॉट्सॲपवर एक आकडा येतो. तो जास्त वाटला म्हणून आपण ‘काही कमी होईल का?’ असे विचारतो आणि दहा मिनिटांत दुसरा, कमी आकडा हजर होतो. त्या दहा मिनिटांत पॉलिसीतून नेमके काय काढले गेले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. पहिली चूक तिथेच होते.

सर्वसमावेशक पॉलिसीच्या हप्त्यात मुख्यतः दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईचा, दर सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी कारसाठी तो ३,४१६ रुपये आहे आणि कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी त्यात फरक पडत नाही. घासाघीस करण्यास वाव आहे तो ‘ओन डॅमेज’मध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी भरल्या जाणाऱ्या हप्त्यात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या एकूण रकमा शेजारी ठेवून उपयोग नाही. आयडीव्ही (गाडीची विमा उतरवलेली किंमत), ॲड-ऑन (जादा हप्ता भरून घेतलेली पूरक संरक्षणे) आणि नो क्लेम बोनसची (क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीची) टक्केवारी दोन्हीकडे सारखी आहे ना, हे आधी पाहावे लागते.

हप्ता कमी दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आयडीव्ही खाली आणणे. सहा लाखांची आयडीव्ही पाच लाख चाळीस हजारांवर आणली, तर हप्त्यात वाचणारी रक्कम साधारण हजाराच्या आत-बाहेर असते. पण गाडी चोरीला गेली, तर हातात साठ हजार रुपये कमी येतात. दुसरा तोटा लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते, त्यामुळे आयडीव्ही कमी असेल तर दुरुस्त होण्याजोगी गाडीही भंगारात काढण्याची वेळ लवकर येते.

खरा पैसा वाया जातो तो किरकोळ क्लेममध्ये. सलग पाच वर्षे क्लेम न केल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यावरील सवलत अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के होत जाते आणि एका क्लेमने ती शून्यावर येते. समजा, नो क्लेम बोनस वजा करण्यापूर्वीचा आपला ओन डॅमेजचा हप्ता ९,००० रुपये आहे, सध्या ३५ टक्के सवलत चालू आहे आणि पार्किंगमध्ये खांबाला घासून बंपर फुटला. गॅरेजचे बिल ५,००० रुपये झाले : बंपर ४,०००, मजुरी १,०००. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे २,००० गेले; १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची कपात असते, तेही गेले. कंपनीकडून मिळाले २,०००. पुढील वर्षी मात्र ४५ टक्क्यांची, म्हणजे ४,०५० रुपयांची सवलत बुडाली. त्यानंतरच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के मिळाल्याने आणखी २,७०० आणि तिसऱ्या वर्षी २,२५० रुपये गेले. हप्ता तोच राहिला असे धरले, तर दोन हजारांसाठी नऊ हजारांची किंमत मोजली, वर जीएसटी वेगळा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे ॲड-ऑन, असते तर चार हजार मिळाले असते, तरीही हिशेब तोट्याचाच ठरला असता. अशी छोटी दुरुस्ती आपण खिशातूनच करणार असू, तर ऐच्छिक कपात, म्हणजे क्लेममधील ठरावीक जादा रक्कम स्वतः सोसण्याची अट, स्वीकारून हप्त्यात सूट मागणे अधिक शहाणपणाचे आहे; हा पर्याय एजंट आपणहून क्वचितच सुचवतो.

क्लेम केलेला असतानाही नवीन कंपनीला बोनस शाबूत असल्याचे सांगणे ही मात्र बचत नव्हे. नवीन कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते आणि खोटे उघड झाले की पुढील क्लेम अडचणीत येतो.

मुदतीनंतर ‘दोन-चार दिवस चालतात’ हा समज घातक आहे. मुदत संपताच संरक्षण संपते, नवीन पॉलिसीपूर्वी गाडीची तपासणी करावी लागते आणि ९० दिवस उलटले तर साठवलेला नो क्लेम बोनस कायमचा जातो.

ॲड-ऑन सरसकट काढू नयेत आणि सरसकट घेऊही नयेत. मुंबई-ठाण्यात सखल भागात गाडी उभी राहत असेल, तर इंजिन संरक्षण ठेवावे, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन गेले, तर साधी पॉलिसी ते नुकसान सहसा देत नाही. याउलट मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आपल्या नावावर आधीच असेल, तर प्रत्येक गाडीसोबत ते पुन्हा विकत घेण्याची गरज नाही. नवीन कारसोबत तीन वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसी घेतलेल्यांनी दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेजचे नूतनीकरण करावे.

गाडी विकताना बोनस गाडीसोबत जात नाही, तो मालकाचा असतो. जुन्या कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्र मागून घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढील कारला ती सवलत लावता येते. नवीन गाडीचा विमा शोरूममध्येच उतरवणाऱ्यांनी हे पत्र डिलिव्हरीच्या दिवशी नव्हे, कोटेशन घेतानाच पुढे करावे.