नाशकात नवीन आलात आणि उभी राहिलेली गाडी चालू होईना, तर

नाशकात नोकरीला आलेल्या माणसाची गाडी अडते ती बहुधा पहिल्या दिवाळीनंतर. वऱ्हाडातून, खानदेशातून, मराठवाड्यातून लोक अंबड-सातपूरच्या कंपन्यांत येतात, दिवाळीला रेल्वेने गावी जातात, आणि पंधरा दिवसांनी परत येऊन चावी फिरवली की नुसतं टिक-टिक-टिक. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अपडाउन करणाऱ्यांचंही तेच. मी अकोल्याहून इथे येऊन स्थिरावलो त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या सोसायटीत दर हिवाळ्यात कुणा ना कुणा नवीन कुटुंबाची गाडी हटून बसते आणि घाईघाईत नवी बॅटरी घेतली जाते. बऱ्याचदा तिची गरजच नसते. घर लावायच्या खर्चात आणखी चार-सहा हजारांची भर पडू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

इकडची हवा थंड म्हणजे गाडीला चांगली, असं विदर्भातून आलेल्यांना वाटतं. पण बॅटरी झिजते ती उन्हाळ्यात. अकोल्या-जळगावच्या ४४ अंशांत उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी आतून कमजोर होते, फक्त ते तिथे जाणवत नाही, कारण गरम इंजिन फिरवायला जोर कमी लागतो. मग तीच गाडी नाशकात येते. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचा पारा १० अंशांखाली उतरतो, निफाडकडे त्याहून खाली. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही घटतो. शिवाय गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ थोडा थोडा करंट ओढतच असतात. हा ३० मिलिअँपिअर धरला तरी तीन आठवड्यांत १५ अँपिअर-तास जातात, आणि लहान गाडीची बॅटरी मुळात ३५ अँपिअर-तासांच्या आसपासची असते. नवी बॅटरी हे सोसते. तीन-चार वर्षांची, वऱ्हाडातले उन्हाळे काढलेली सोसत नाही. बाहेरून डॅशकॅम किंवा जीपीएस बसवून घेतलं असेल तर आणखी लवकर बसते.

गाडी चालू झाली नाही की पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. एकदाच मारा आणि कान देऊन ऐका.

भराभर टिक-टिक आवाज आला आणि मीटरचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे. एकच जोरदार ‘टक’ येऊन पुढे काहीच झालं नाही, तर आधी बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायरी जोडतात ती टोकं, बघा. इथल्या चार महिन्यांच्या पावसात त्यांच्यावर पांढरी-हिरवी पूड धरते. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशने ती घासून काढा, कोरडं करा, टर्मिनल घट्ट आवळा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कित्येक गाड्या एवढ्यावरच चालू होतात. टर्मिनल स्वच्छ असूनही फक्त ‘टक’ येत असेल तर इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर दाखवावी लागेल.

दिवे लख्ख आहेत पण सेल्फचा आवाजच नाही, असं असेल तर क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’वर आहे का, ते पाहा. बटणाच्या गाडीत चावीतला छोटा सेल संपलेला असू शकतो. चावीच बटणाला टेकवून ब्रेक दाबा आणि बटण दाबा, बहुतेक गाड्या तशा चालू होतात. चावी फिरतच नसेल तर स्टिअरिंग लॉक झालंय, ते हलकंसं हलवत चावी फिरवा.

इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर मात्र बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल गाडीत इग्निशन नुसतं ऑन करा, मागच्या सीटखालून दोन सेकंद टाकीतल्या पेट्रोल पंपाची घुंऽऽ ऐकू यायला हवी. ती आली नाही तर फ्यूज किंवा वायर. वायर कुरतडणारे उंदीर इथे फार आहेत, विशेषतः द्राक्षबागा आणि मोकळ्या प्लॉटांच्या शेजारी झालेल्या नवीन सोसायट्यांत. बॉनेट उघडून कापूस, पाला, लेंड्या दिसतात का बघा. कुरतडलेली वायर दिसली तर पुढे काहीही करू नका, शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. सीएनजीवाल्यांनी टाकीत पाव टाकी पेट्रोल ठेवावंच, कारण बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात, आणि कित्येक महिने तळाला राहिलेलं पेट्रोल खराब होतं. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे टाकी रिकामी ठेवून गावी जाऊ नये.

बॅटरीच उतरली असेल तर जम्पर केबल लावा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायच्या दोन जाड वायरी. शेजाऱ्यांना विचारायला लाजू नका. ‘दादा, जरा गाडी जवळ घेता का’ एवढं म्हटलं की नाशिकचा माणूस येतो, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे. दोन्ही गाड्या बंद ठेवा, एकमेकींना टेकू देऊ नका. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून एवढी काळजी. शेजाऱ्यांची गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग आपली सुरू करा. वायरी उलट क्रमाने काढा. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर केबल लावूच नका.

मॅन्युअल गाडी धक्क्यानेही निघते: इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, वेग आला की झटक्यात सोडायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, त्यामुळे बेसमेंटच्या उतारावर हा प्रयोग नको. ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही.

गाडी चालू झाली की लगेच बंद करू नका. त्र्यंबक रोडला अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. मग गॅरेजवाल्याकडून मीटर लावून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक आहे. चालू इंजिनावर १३ च्या आतच असेल तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, तपासा, नवी बॅटरी घेऊनही ती उतरणारच. बॅटरी बदलावीच लागली तर आधी गावाकडचं वॉरंटी कार्ड शोधा. नामांकित कंपन्यांची वॉरंटी इथल्या विक्रेत्याकडेही चालते.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. गाडी गोदाघाटावर, गौरी पटांगणाकडे लावून बाहेरगावी जाऊ नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की तिथे पाणी चढतं. पूर किती आला ते इथले लोक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावरून सांगतात. बेसमेंटमध्ये पाणी भरून गाडी बुडाली असेल तर सेल्फ एकदाही मारायचा नाही. इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. टोइंग करूनच न्या. ओल्या दिवसांत हँडब्रेक ओढून ठेवला तर मागचे ब्रेक चिकटतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस जाणार असाल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. घड्याळ परत लावावं लागेल, काही गाड्यांत म्युझिक सिस्टीमचा कोडही मागतो, तो आधी लिहून ठेवा. टर्मिनल काढलं की रिमोट आणि इलेक्ट्रिक डिकी चालत नाही, म्हणून आधीच चावीने कोणतं दार उघडतं ते बघून घ्या. नाहीतर विश्वासातल्या शेजाऱ्याकडे चावी द्या आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवायला सांगा. वॉचमनकाकांना रोज पाच मिनिटं जागेवर सुरू करायला सांगतात, तसं नको: सुरू करताना गेलेला करंट तेवढ्यात पुरता भरून निघत नाही.