वेंडलांड कसे पाहावे

लोअर सॅक्सनी राज्याच्या ईशान्य टोकाला एल्बे नदीकाठी वसलेला ल्युखो-डानेनबेर्ग हा लोकसंख्येने जर्मनीतील सर्वांत लहान ग्रामीण जिल्हा. त्याची वस्ती ५०,००० च्या आतच आहे. वेंड या स्लाव लोकांवरून या मुलखाला वेंडलांड म्हणतात. येथे भव्य राजवाडे शोधत फिरू नये. इथला इतिहास गावठाणाच्या आखणीत मुरलेला आहे, म्हणून पाहणी गावापासून सुरू करावी, आणि तीही शक्यतो सायकलवरून.

प्रथम ल्युबेल्न येथील वर्तुळाकार गावांचे संग्रहालय पाहावे. मग झाटेमिनसारख्या गावात शिरून मधल्या मोकळ्या जागेत थोडा वेळ नुसते उभे राहावे. लाकडी चौकटीची, त्रिकोणी माथ्याची घरे चहूकडून आपल्याकडे तोंड करून उभी असतात, त्यांच्या मागे वाडीची जमीन पाचरीसारखी रुंदावत जाते आणि मूळ आखणीत आत येण्याची वाट एकच असते. ही आखणी मध्ययुगातली असली तरी घरे तेवढी जुनी समजू नयेत. झाटेमिन १८५० च्या आगीनंतर पुन्हा बांधले गेले. मोठ्या दारावरच्या तुळईत कोरलेले साल वाचले की असा घोटाळा होत नाही.

गावांच्या पाट्यांवर ‘ओव’ आणि ‘इत्स’ असे शेवट दिसतील; ते वेंडांच्या भाषेचे अवशेष. झ्युटेन गावचा शेतकरी योहान पारुम शुल्त्से याने १७२५ च्या सुमारास लिहून ठेवले की, तो आणि गावातील आणखी तिघे गेले की कुत्र्याला वेंडी भाषेत काय म्हणतात हे कोणाला धड सांगता येणार नाही. ती भाषा त्याच शतकात संपली.

त्यानंतर एल्बेकडे वळावे. जर्मनीच्या फाळणीच्या काळात जिल्ह्याच्या तीन बाजूंना पूर्व जर्मनी होती. ड्योमित्सजवळ १९४५ मध्ये तुटलेला रेल्वेपूल आजही तसाच अर्धवट उभा आहे. मोठे उद्योग या कोपऱ्यात आले नाहीत, आणि माझ्या मते जुनी गावे टिकण्यामागे हेही एक कारण आहे.

१९७७ मध्ये मात्र अणुकचरा साठवण्यासाठी याच जिल्ह्यातील गोर्लेबेन गावाची निवड झाली. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर रस्त्यावर आणले, १९८० मध्ये आंदोलकांनी जंगलात ‘स्वतंत्र वेंडलांड प्रजासत्ताक’ उभारून ते महिनाभर चालवले, आणि अखेर २०२० मध्ये गोर्लेबेन संभाव्य जागांच्या यादीतून वगळले गेले. गोठ्यांच्या भिंतींवर पिवळ्या रंगाची लाकडी फुली दिसली, तर ती याच लढ्याची खूण समजावी.