घरात मांजर-कुत्रं असताना घरी बनवलेले स्पीकर कसे टिकवावेत

डांबराच्या गोळ्या, काळं फिनेल, निलगिरीचं तेल आणि वायरीला चोळलेली मिरचीपूड. मांजर स्पीकरकडे फिरकू नये म्हणून हमखास सांगितले जाणारे हे उपाय आधी डोक्यातून काढा. डांबरगोळी मांजराला आणि कुत्र्याला दोघांनाही विषारी. फिनेलमधली फिनॉल वर्गातली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निचरता येत नाहीत, आणि पुसलेल्या फरशीवरून चालून आलेलं मांजर पाय चाटत तीच पोटात घेतं. निलगिरीचं तेलही त्याच पंक्तीतलं. मिरचीपूड पंख्याखाली घरभर उडते, माणसं शिंकत बसतात आणि कुत्र्याचं पिल्लू वायर चावायचं ते चावतंच.

जनावराला हाकलत बसायचं नाही. ते येणार, वर बसणार, अंग घासणार, हे धरूनच स्पीकर बांधायचा. खोकं जोडून झालंय, क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) चालतोय, ड्रायव्हर (खर्जाचा वूफर आणि वरच्या सुरांचा ट्वीटर) बसलेत असं मी धरून चालतो. इथून पुढचं सांगतो.

आधी बूड

९० सेंमी उंच आणि २० सेंमी रुंद टॉवर घ्या. वजन मध्यावर धरलं तर तो बाजूला साधारण १२ अंश कलला की परत येत नाही. ४ किलोचं मांजर कपाटावरून त्याच्या डोक्यावर उतरलं तर १२ अंश काहीच नाहीत. खाली ३२ सेंमी रुंदीची जाड फळी बोल्टने आवळली की हाच आकडा १९-२० अंशांवर जातो. त्यात तळाच्या कप्प्यात वाळू भरली तर वजन खाली येतं आणि आणखी फायदा होतो. वाळू एप्रिल-मेच्या उन्हात वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधूनच आत ठेवा. जूनमध्ये हे काम काढलंत तर बेळगावच्या हवेत वाळू वाळायची नाही, आणि खानापूरकडे राहत असाल तर विचारूच नका. ओल सरळ प्लायमध्ये उतरते.

घरात मुधोळ जातीचं कुत्रं असेल तर एवढ्यावर थांबू नका. दाराची बेल वाजली की ते सुटतं आणि वळणावर काय उभं आहे ते बघत नाही. मागून भिंतीला एक पट्टा मारा.

वायरी

२३० व्होल्टच्या सगळ्या वायरी केसिंग-कॅपिंग पट्टीत, स्पीकरच्या वायरी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपात, आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). स्पीकरची वायर चावली तर पिल्लाला सहसा काही होत नाही, पण दोन तारा एकमेकींना लागून अँप्लिफायर जाऊ शकतो.

जाळी: खरं काम इथे आहे

यात मी सगळ्यात जास्त अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसतं कापड लावून भागत नाही. स्पीकरचं कापड विरळ विणीचं असतं, नाहीतर आवाज अडेल. आणि विरळ वीण म्हणजे मांजराला नख अडकवायला आयती जागा. एकदा नख अडकलं की ते ओढतं, ओढलं की सुटल्याचा आनंद होतो, मग रोज त्याच जागी. दाट विणीच्या कापडात नख अडकत नाही, पण आवाजही जात नाही. बेळगावच्या शहापुरातून हातमागाचं सुंदर कापड आणून लावलेले स्पीकर मी पाहिलेत. दिसायला देखणे, ऐकायला रजई पांघरल्यासारखे. कापड तोंडावर धरून फुंकर मारा. श्वासाला जराही जोर लागला तर ते स्पीकरचं कापड नव्हे.

तेव्हा पुढे धातूची जाळी आणि तिच्या पाठीला पातळ कापड. या क्रमात बदल नको. नखाला धातू लागला पाहिजे. कापडाचं काम केस आणि धूळ अडवण्याचं.

जाळी कुठली? सध्या देवघरापासून पार्टिशनपर्यंत सगळीकडे लागते ती सीएनसीवर कापलेली एमडीएफची नक्षीदार जाळी नको. ती जाड असते, मोकळी जागा कमी असते, आणि ट्वीटरचा आवाज आधी तिथेच मरतो. खिडकीची मच्छरजाळी नको. ती थरथरते आणि मांजर ती एका दुपारीत फाडतं. हवा तो गोल भोकांचा पंच केलेला पत्रा, भोकं एकाआड एक तिरकस ओळीत असलेला.

मोकळी जागा किती हे दुकानदाराला विचारू नका, स्वतः काढा. भोकाचा व्यास भागिले दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, त्याचा वर्ग, गुणिले ९०.७. उत्तर टक्क्यांत येतं. ३ मिमी भोक आणि ५ मिमी अंतर असेल तर जेमतेम ३३ टक्के. ३ मिमी भोक आणि ४ मिमी अंतर असेल तर ५१ टक्के. ५ मिमी भोक आणि ७ मिमी अंतर असेल तर ४६ टक्के. म्हणजे भोक मोठं तर जाळी मोकळी, असा हिशेब नाही. मी ५० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. ३ मिमीच्या भोकात नखाचं टोक जाईल, पण ते गळासारखं अडकवून ओढायला जागा मिळत नाही.

पत्रा तयार भोकांचाच घ्या आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मापात कापून, वाकवून घ्या. लेझरवर भोकं पाडून घ्यायचा मोह होतो. पण ३० बाय ८० सेंमीच्या एका तुकड्यात ४ मिमी अंतराने १७ हजारांवर भोकं बसतात, आणि लेझरवाला प्रत्येक भोकाची वेळ धरतो. शिवाय इतक्या भोकांच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकडा होऊन हातात येतो.

शक्य तर १.५ मिमी अ‍ॅल्युमिनियम घ्या. ते १ मिमी लोखंडी पत्र्यापेक्षा कणभर ताठच भरतं आणि वजन जवळपास निम्मं. गंजत नाही, हा आपल्या पावसात मोठा फायदा. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते चुंबकाचं. ड्रायव्हरच्या मागे चुंबक आहे, आणि व्हॉइस कॉइल (कोन, म्हणजे ड्रायव्हरचा शंकू, हलवणारं तारेचं वेटोळं) ज्या फटीत हलते ती फट मिलिमीटरच्या आसपासची. लोखंडी पत्र्याचा कीस, ग्राइंडरची धूळ, फाउंड्रीजवळच्या शेडमधून अंगावर येणारी काळी पूड, सगळं त्या फटीकडे धावतं. एकदा आत गेलं की कॉइल खरखरते आणि बाहेर काढणं जवळपास अशक्य. लोखंडच घेणार असाल तर जाळी धुवून, पुसून, पावडर कोटिंग करूनच घरात आणा. फॅब्रिकेशनवाल्याला फिनिशिंगबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘कोण बघायलंय ओ ते आतनं?’ बघत कोणी नाही, चुंबक ओढतंय. भोकांच्या कडा बोटाने तपासा, बोटाला लागल्या तर परत द्या. तेवढ्यासाठी दुसरी फेरी पडली तरी चालेल. रंग ब्रशने लावू नका, भोकं बुजतात.

आता थरथर. जाळी बसवली, गाणं लावलं, तबल्याचा डग्गा वाजला की कुठूनतरी ‘झर्रर्र’. फोम लावा, गम लावा, स्क्रू आवळा, आवाज जागा बदलतो पण जात नाही. याचं कारण साधं आहे: सपाट पत्रा मध्ये मोकळा असतो. कडा कितीही आवळा, पोट हलणारच. उपाय कडेला शोधायचा नाही, पत्र्याच्या आकारात शोधायचा.

चारही कडा आतल्या बाजूला १० मिमी वाकवून घ्या, म्हणजे उथळ ताटलीचा आकार येतो. त्यानंतर पोटाला बाहेरच्या अंगाने ३-४ मिमी फुगवटा द्या. गुडघ्यावर जाड टॉवेल ठेवून हाताने हळूहळू दाबलं तरी येतो, मशीन लागत नाही. फुगवटा दिलेला पत्रा बोल्टने आवळला की तो ताणात बसतो आणि ताणातला पत्रा सहज थरथरत नाही. कडेखाली ३ मिमी जाडीची ईव्हीए फोमची पट्टी सलग फिरवा, कोपऱ्यात फट ठेवू नका. वूफर आणि ट्वीटरच्या मधल्या जागेत एक आडवी लाकडी पट्टी, तिच्यावर नमदा, आणि जाळी त्यावर हलकी टेकलेली. पाठीचं कापड फक्त कडेला चिकटवा. भोकांवर गम आला की ती भोकं गेली.

वूफरच्या पुढे किती जागा सोडायची? कोन जास्तीत जास्त किती बाहेर येतो तो आकडा ड्रायव्हरच्या कागदावर असतो. त्यात रबरी काठाचा उंचवटा मिळवा आणि वर किमान १० मिमी. छोट्या-मध्यम वूफरला सगळं मिळून २० मिमीच्या आसपास येतं. जाळीच्या लाकडी चौकटीची आतली कड तिरपी तासून घ्या, काटकोनी ठेवली तर ट्वीटरचा आवाज तिच्यावर आपटून पसरतो.

तपासणी गाण्यावर करू नका. फोनवर टोन जनरेटर (एकच सूर वाजवणारं अ‍ॅप) घ्या, ३० हर्ट्झपासून ५०० पर्यंत सावकाश चढवा, आवाज रोज ऐकता तेवढाच. झर्रर्र आलं की आकडा तिथेच थांबवा आणि एकेका जागी बोट टेकवत जा. ज्या जागी बोट ठेवल्यावर आवाज बंद होतो तिथे गडबड. सगळीकडे बोट ठेवूनही बंद होत नसेल तर जाळीला दोष देण्याआधी मांडणीवरची स्टीलची भांडी, शोकेसची काच आणि भिंतीवरची तसबीर बघा. बऱ्याचदा चोर तिथेच असतो.

जाळी बसवायला चुंबक वापरू नका. समोरून स्क्रू दिसत नाहीत म्हणून ही पद्धत सगळ्यांना आवडते. मांजर कडेत पंजा घालून जाळी पाडतं आणि उखडलेलं चिमुकलं निओडिमियम चुंबक पिल्लाच्या तोंडात जातं. दोन गिळली गेली तर आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना धरतात आणि मधली जागा सडते, मग ऑपरेशन. दिसले तर दिसू देत, चार एम-४ (४ मिमी जाडीचे) बोल्ट आणि खोक्यात टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट).

पोर्ट

पोर्टमध्ये, म्हणजे खोक्यातल्या हवेला बाहेर वाट देणाऱ्या नळीत, चेंडू, मोजा, झुरळ आणि कधीकधी मांजराचं पिल्लूही जातं. जाळी नळीच्या आतल्या टोकाला लावा, बाहेरच्या नव्हे, आणि मोठ्या भोकांची लावा. अजून डिझाइन ठरायचं असेल तर सरळ बंद खोकं करा.

अँप्लिफायर

पावसाळ्यात बेळगावात घरातली सगळ्यात ऊबदार जागा म्हणजे चालू अँप्लिफायरचं झाकण. मांजराला हे तुमच्या आधी कळतं. ते वर झोपलं की हवेच्या खाचा बंद, आणि खाचांतून केस आत. अँप्लिफायर मागून उघड्या कप्प्यात ठेवा, वर १० सेंमी हवा सोडा. मोठ्या मांजराला तिथे आरामात झोपता येणार नाही पण उष्णता निघेल. आणि मांजराला त्याच खोलीत दुसरी उबदार जागा द्या, नाहीतर ते वाट काढतंच. क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी, ही आपल्या घरांतली सजावट अँप्लिफायरच्या बाबतीत बंद. माझं हे मत घरात कोणालाच पटत नाही.

व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर असेल तर पिंजऱ्याशिवाय चालू करायचा नाही. काचेला पंजा भाजतो, आणि आत तीन-चारशे व्होल्ट असतात. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही वेळ राहतात, म्हणून मांजराने आत काय पाडलं ते बघायला लगेच हात घालू नका.

पालीची गोष्ट वेगळी. तिला हाकलता येत नाही, खाच बारीक करावी लागते. खाचांना आतून स्टेनलेस स्टीलची जाळी लावा आणि लावल्यावर तासभर वाजवून झाकण हाताला किती तापतं ते बघा. जास्त तापलं तर जाळी भरड घ्या.

बोका

बोक्याने खोक्यावर धार मारली की एमडीएफ फुगतं आणि पुन्हा बसत नाही. खालचे २० सेंमी तरी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचे करा आणि कडा पॉलियुरेथेनने बंद करा. धुवायला एन्झाइमचं क्लिनर. अमोनिया असलेलं काहीही नको, त्याचा वास मुतासारखाच, मग बोका पुन्हा तिथेच येतो. बोक्याचं ऑपरेशन करून घेतलं तर हा त्रास बहुतेक वेळा मुळातूनच कमी होतो.

कान आणि केस

आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५ हजार, मांजराला ६० हजारांच्याही वर. ट्वीटर तपासताना तुम्हाला शांत वाटणारा टोन त्यांना टोचत असतो, म्हणून मोजमाप करताना त्यांना बाहेर काढून दार लावा. चालू-बंद करताना ‘धप्प’ आवाज येत असेल तर स्पीकरच्या वाटेवर उशिरा जोडणारी रिले (आपोआप चालणारा स्विच) टाका. कुत्रं त्या धप्पला फटाक्याइतकंच घाबरतं.

केस काढायला व्हॅक्यूम क्लिनर कोनजवळ नेऊ नका, ट्वीटरचा मऊ घुमट ओढला जातो. जाळी उतरवून बाहेर झटका, आणि कोनवरून रंगाचा रुंद मऊ ब्रश बाहेरच्या दिशेने फिरवा. मुधोळचे केस आखूड आणि ताठ असतात, कापडात सुईसारखे रुततात. त्यांना चिकटपट्टी लागते, तीही कापडाच्या आतल्या बाजूने. बोल्ट परत आवळताना आडवे-तिडवे आवळा, एका कोपऱ्यात सगळा जोर दिला की फोम तिथे दबून बसतो आणि झर्रर्र परत येतं.